‘कुठं पाहिलं?’ विचारणारे सर

आमच्या दुकानात आलेला कुठलाही प्रबंध सर शेवटून वाचायचे. आधी संदर्भसूची, मग निष्कर्ष, मग जमलं तर मधली प्रकरणं, आणि ऋणनिर्देश अगदी शेवटी, चहाबरोबर. “बाई, माणूस कुणाकुणाच्या घरी जाऊन आलाय ते आधी बघावं. मग तो काय बोलतो ते ऐकावं,” असं म्हणायचे. मुलं बिचारी पाच-पाच वर्षं खपलेली असायची. सोनेरी अक्षरं मरून कव्हरवर उठून दिसतील की निळ्या, यावर माझ्याशी अर्धा तास वाद घालायची. आणि हे स्टुलावर बसल्या बसल्या थेट मागचं पान उघडायचे.

सरांचं नाव मी लिहीत नाही. हा लेख त्यांच्या हाती पडणारच, आणि नाव दिसलं की म्हणतील, “परवानगी कुठं घेतली?” तेव्हा नकोच.

माझं दुकान म्हणजे कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतली दहा बाय बाराची खोली. टायपिंग, प्रिंट, बाइंडिंग. मी शाळा शिकले दहावीपर्यंत. टायपिंग शिकले पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून, कारण मशीन दिरांचं होतं आणि ते कामावर गेल्यावरच मिळायचं. तोवर पुठ्ठा बडवायचा. पुढे कॉम्प्युटर आला, तोही असाच, विचारत विचारत शिकले. शेकड्यांनी प्रबंध माझ्या हाताखालून गेले. मातीशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंत सगळं मी टाइप केलंय. कळलं किती ते विचारू नका, पण स्वल्पविराम एक चुकला नाही.

सर म्हणजे एका कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. रोज अकराला यायचे, एकला जायचे. काम काही नसायचं. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी करमेना, एवढंच. पहिल्या दिवशी काहीतरी झेरॉक्स काढायला आले, गर्दी होती म्हणून मी म्हटलं, “बसा की सर,” आणि ते जे बसले ते अकरा वर्षं बसले. अर्धा कप चहा आल्यावर, अर्धा कप निघताना. दुसऱ्या अर्ध्याला ते ‘पुरवणी’ म्हणत.

कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न. “कुठं पाहिलं?” तुम्ही म्हणालात, सर, आज गंगापूर धरणातून पाणी सोडणार आहेत. कुठं पाहिलं? तुम्ही म्हणालात, सर, शेजारच्या डॉक्टरांच्या मुलीचं जमलं. कुठं पाहिलं? पेपरात वाचलं म्हटलं तर कुठल्या पानावर. सुरुवातीला माणसाला राग येतो. मलाही आला होता. मग सवय होते, आणि मग एक दिवस आपणच आपल्या सुनेला विचारतो, “गॅस संपलाय? कुठं पाहिलंस?” आणि सून आपल्याकडे कशी बघते ते काय सांगू.

आमच्या गल्लीत मखमलाबादहून एक भाजीवाली यायची. ती एकदा म्हणाली, “काका, मेथी सकाळीच खुडलीय.”

“कुठं पाहिलं?”

“पाहिलं म्हणजे? म्याच खुडली ना. माझ्या वावरात. येता का बघायला?”

आणि सर गेले हो! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सायकलवरून मखमलाबादला गेले, वावरात उभे राहून तिला मेथी खुडताना पाहिली, आणि अकराला दुकानात दोन जुड्या घेऊन हजर. एक माझ्यासमोर ठेवली. “बाई खरं बोलते. मी पाहिलं.” त्या दिवसापासून भाजीवाली गिऱ्हाइकांना सांगायची, “विचारा त्या काकांना, शिक्का मारलाय त्यांनी.”

तर अशा माणसासमोर दोन-तीन वर्षांपूर्वी एआय येऊन उभं राहिलं. पुढचं ऐकायचं तर आधी वैशाली कोण ते सांगायला हवं.

वैशाली निफाडकडची. नाशकात एका ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवत होती, आणि संशोधन करत होती द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांवर. म्हणजे विरळणीला, घड औषधात बुडवायला ज्या बायका जातात, त्यांच्या हातांवर काय परिणाम होतो, त्यांना कोण विचारतं, असा विषय. तिची आई त्याच बागांमधून राबलेली. त्यामुळे विषय तिनं निवडला म्हणण्यापेक्षा तो तिच्या घरातच होता. सगळ्या बायकांच्या मुलाखती झाल्या, तक्ते झाले, अडलं ते एका प्रकरणावर. आपल्या आधी या विषयावर कुणी काय लिहिलंय त्याचा आढावा. ते प्रकरण म्हणजे समुद्र. एका दुपारी ती वैतागून दुकानात आली आणि म्हणाली, “सर, आता तुम्हीच सांगा, कुठलं एआय घेऊ? स्टाफरूममध्ये एक म्हणतो हे घे, दुसरी म्हणते ते घे. मार्गदर्शक म्हणतात काहीच घेऊ नका, आणि स्वतः सगळी घेऊन बसलेत.”

सर सगळ्याच संशोधकांना ‘उमेदवार’ म्हणत. “उमेदवार,” ते म्हणाले, “कॉलेजात माणूस ठेवायचा तर काय करतात?”

“ओळख लागते,” वैशाली म्हणाली.

“ते झालंच. त्याआधी दाखवायला म्हणून काय करतात?”

“मुलाखत.”

“मग घेऊ.”

दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलाखत घ्यायची म्हणून! बगलेत फाइल, खिशाला दोन पेनं, आणि हातात लाकडी खोका. खोक्यात लायब्ररीतली जुनी कार्डं. पूर्वी पुस्तक शोधायला खणांमध्ये कार्डं असायची ना, तीच. कॉलेजनं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा ती रद्दीत निघाली, आणि सरांनी मागून घेतली. मागची बाजू कोरी असते, ती ते वापरायचे. वाण्याची यादीसुद्धा कार्डावर.

तीन आठवडे अकरा ते एक माझ्या कॉम्प्युटरवर मुलाखती चालल्या. मी टाइप करायची, सर विचारायचे, वैशाली तास नसेल तेव्हा यायची. चार उमेदवार होते. त्यांची खरी नावं कंपन्यांची, ती सर घेतच नसत. त्यांनी स्वतःची नावं ठेवली. सगळ्याच विषयांवर बोलणारा तो गप्पिष्ट. जगभरातल्या नियतकालिकांतून लेख शोधून आणणारा तो शिपाई. आपण दिलेले लेख वाचून त्यांचे तक्ते करणारा तो कारकून. आणि कुठल्या लेखानं कुठल्या लेखाचा आधार घेतलाय, त्याचं जाळं काढून दाखवणारा तो सोयरा, कारण त्याला सगळ्यांची नाती माहीत.

प्रश्न तीनच. पहिला, ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा. दुसरा, ज्याला उत्तरच नाही असा. आणि तिसरा म्हणजे कालचाच प्रश्न आज पुन्हा, उत्तर बदलतं का ते बघायला.

पहिल्या प्रश्नासाठी सरांनी स्वतःचाच लेख काढला. आयुष्यात त्यांनी एकच लेख लिहिला, कॉलेजच्या वार्षिक अंकात, वाळवीपासून पुस्तकं कशी वाचवावीत यावर. गप्पिष्टाला विचारलं, हा लेख कुणाचा? त्यानं सरांना कीटकशास्त्रज्ञ करून टाकलं. वर त्यांच्या वाळवीवरच्या आणखी दोन ग्रंथांची नावंही दिली. सर प्रसन्न झाले. “निवृत्तीनंतर बढती मिळाली, बाई. लिहून घ्या.”

शिपायाला तेच विचारलं. तो म्हणाला, असा लेख माझ्याकडे सापडत नाही. सर उभे राहिले आणि चक्क टाळी वाजवली. “ज्याला ‘नाही’ म्हणता येतं तो कामाचा.”

दुसरा प्रश्न त्यांनी मला न सांगता तयार केला होता. मनमाडच्या वाफेच्या इंजिनांचा इतिहास, खंड तिसरा. लेखिका म्हणून चक्क माझं नाव. असं काही पुस्तक नाही, कधी नव्हतं. गप्पिष्टानं माझ्या ओघवत्या शैलीची तारीफ केली, दुसऱ्या खंडापेक्षा तिसरा कसा सरस ते सांगितलं, आणि मी रेल्वे कामगारांच्या बोलीचा सुरेख उपयोग केल्याचंही लिहिलं. वैशाली हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली. “काकू, तीन-तीन खंड लिहिलेत आणि इथे माझी पानं जोडत बसलात?” मी वरवर हसले. पण खोटं कशाला बोलू, ते स्तुतीचे चार शब्द मी घरी जाऊन पुन्हा एकदा वाचले. आपल्याला कुठं कुणी ओघवती म्हणतं!

तर प्रत्येकाचं एक कार्ड झालं. नाव, काम, बढाई किती, कुठं चुकतो, आणि शेवटचा रकाना, ‘चूक दाखवल्यावर’. हा रकाना सरांचा लाडका. गप्पिष्टाच्या कार्डावर तिथे लिहिलं होतं, “गोड शब्दांत माफी मागतो आणि नवी चूक देतो.” कारकुनाच्या कार्डावर, “दाखवलेली दुरुस्त करतो. न दाखवलेली तशीच ठेवतो.” कारण त्यानं एका तक्त्यात बायकांच्या संख्येच्या जागी गावांची संख्या टाकली होती. खाली तारीख, आणि प्रत्येक कार्डावर एकच ओळ, “सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे.” सर म्हणायचे, ही माणसं नव्हेत बाई, यांचा स्वभावसुद्धा कंपनी बदलते. आजचं कार्ड उद्या शिळं.

आणखी एक गंमत. कार्डाच्या पुढच्या बाजूला जुन्या पुस्तकाची नोंद असायचीच. गप्पिष्टासाठी सरांनी मुद्दाम कादंबरी विभागातलं कार्ड शोधून काढलं होतं.

वैशालीनं शेवटी विचारलं, “मग सर, घेऊ कुठला?”

“एकच कशाला? लायब्ररीत एकटा शिपाई ठेवून भागतं? कोणाला कुठल्या टेबलावर बसवायचं ते ठरवायचं. शोधायला शिपाई. एक चांगला लेख हाती लागला की त्याचे नातेवाईक काढायला सोयरा. तू स्वतः वाचलेल्या लेखांचे तक्ते करायला कारकून, पण प्रत्येक घर तपासून.”

“आणि गप्पिष्ट?”

“त्याला अवघड इंग्रजी उलगडून सांगायला ठेव. तुझ्या मार्गदर्शकापेक्षा बरं सांगतो. पण संदर्भसूचीच्या खोलीत त्याला प्रवेश नाही.” हे शेवटचं त्यांनी त्याच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं. आणि ते कार्ड माझ्यासमोरच्या भिंतीला टाचणीनं लावलं. माझ्यासमोरच्या. हे ध्यानात ठेवा.

वैशालीचं काम मार्गी लागलं. आढाव्याचं प्रकरण पाच महिन्यांत उभं राहिलं. पण तोवर तिची मुदत संपत आलेली. दोनदा वाढवून मिळाली होती, आता तिसऱ्यांदा नाही. सोमवारी पाच वाजेपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. तिच्या कायम नोकरीची आशाही त्याच्याबरोबर गेली असती.

गुरुवारी तिनं शेवटची फाइल दिली. संदर्भसूचीत नऊ नोंदी अर्धवट होत्या. कुठे वर्ष नाही, कुठे अंक नाही, कुठे पान नाही. पहिल्या वर्षी घाईत वहीत टिपलेल्या, तेव्हा पूर्ण लिहून घ्यायचं कुणी शिकवलेलं नव्हतं. तिथे तिनं प्रश्नचिन्हं टाकली होती. “काकू, उद्या परीक्षेचं सुपरव्हिजन आहे. शनिवारी येऊन भरते,” म्हणून ती पळाली.

संध्याकाळी मी एकटी होते. बाकी सगळं जुळलेलं, आणि त्या नऊ प्रश्नचिन्हांनी सगळी यादी कशी बोळक्या तोंडासारखी दिसत होती. मला वाटलं, पोरगी दमलीय. शनिवारी येईल तेव्हा सगळं तयार पाहून खूश होईल. आणि मी गप्पिष्टाला सांगितलं, एवढ्या नऊ नोंदी पूर्ण करून दे. अर्ध्या मिनिटात दिल्या त्यानं! वर्षं, अंक, पानं, लेखांचे ते लांबलचक ओळख-नंबरसुद्धा. अशी देखणी यादी मी जन्मात पाहिली नव्हती. समोर भिंतीवर लाल शाई होती. पण मला वाटलं, ती नवी यादी करण्याबद्दल आहे. ही तर जुनीच, फक्त पूर्ण करायची. माणसाला स्वतःची समजूत घालायला किती थोडं लागतं!

शुक्रवारी अकराला सर आले. छापलेली प्रत उचलली, मागून उघडली. मी चहा सांगायला वळले होते.

“बाई.”

“अं?”

“हे त्रैमासिक. वर्षाला चार अंक. आमच्याकडे यायचं, शिक्के मीच मारायचो. यात पाचवा अंक लिहिलाय.”

मी वळून पाहिलं. त्यांचं बोट त्या ओळीवर होतं.

“कुठं पाहिलं?”

अकरा वर्षांत हा प्रश्न मी हजारदा ऐकला असेल. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, “मी नाही पाहिलं, सर. त्यानं सांगितलं.” आणि भिंतीकडे बोट केलं.

मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. चहा आला, तो अर्धा प्यायले, आणि म्हणाले, “माझे वडील मनमाडजवळ रेल्वे फाटकावर होते, हे सांगितलं होतं का तुम्हाला?”

नव्हतं सांगितलं.

“स्टेशनातून फोन यायचा, गाडी येतेय. वडील बाहेर जायचे, फाटक बंद करायचे, कुलूप ओढून बघायचे, आत येऊन स्टेशन मास्तरांना एक खासगी नंबर द्यायचे. एका चोपडीत ते नंबर असतात, रोज वेगळे. मास्तर तो परत वाचून दाखवणार, रजिस्टरला लिहिणार, मग सिग्नल. नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद झालं, असा तो शब्द.”

“बरं मग?”

“एकदा जेवत होते. पाऊस होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नंबर आधी दिला, म्हटलं हात धुतो आणि बंद करतो. तेवढ्यात कांद्याचा टेम्पो रुळावर येऊन बंद पडला. इंजिनाच्या ड्रायव्हरला लांबून दिसला, गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. टेम्पोही ढकलून काढला. पावसात कुणी काही पाहिलंही नव्हतं. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, सोडून द्या.”

“मग?”

“वडील चालत स्टेशनात गेले आणि मास्तरांना सांगितलं, मी नंबर आधी दिला.”

एवढंच सांगून सरांनी प्रत माझ्यासमोर ठेवली, आणि पुरवणीची वेळ झाली नव्हती तरी दुसरा अर्धा कप मागवला. माझ्यासाठी.

मी वैशालीला फोन लावला. सुट्टीची वेळ होती, मागे पोरांचा कालवा. सगळं सांगितलं. 

“काकू, मी सहा वर्षं एकेका बाईचे हात हातात घेऊन बघितलेत. आणि तुम्ही...”

“हो.”

“सोमवार आहे, काकू! असं सापडलं असतं तर चोर म्हणाले असते मला. मला, तुम्हाला नाही.”

“हो गं.”

“आणि सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं.”

मग तीच म्हणाली, “दुकान उघडं ठेवा. दोनला सुटते.”

त्या दिवशी सर एकला गेले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिघं बसलो. शिपायाला नऊच्या नऊ नोंदी शोधायला लावल्या, पाच सापडल्या, मूळ लेखासकट, आणि वैशालीनं प्रत्येक लेख उघडून पान डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या दोन नोंदी गप्पिष्टानं बरोबर भरल्या होत्या. मला जरा बरं वाटलं, तर सर म्हणाले, “हेच वाईट. सगळंच खोटं असतं तर एका नजरेत दिसलं असतं.” मग सोयऱ्यानं, कुणी कुणाचा आधार घेतलाय ते पाहत पाहत, आणखी दोन गाठून दिल्या. राहिल्या दोन.

त्यातला एक होता बागेतल्या मजूर बायकांच्या पाहणीचा जुना अहवाल. निफाडच्या एका महिला मंडळानं केलेला, मराठीत, सायक्लोस्टाइल. तो कुठल्या एआयच्या बापालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण तो कधी कॉम्प्युटरवर चढलाच नाही. वैशालीनं तो पहिल्या वर्षी तिथल्या वाचनालयात पाहिला होता. तिला शनिवारी निष्कर्षांची शेवटची दुरुस्ती करायची होती. मी म्हटलं, “मी जाते.”

“काकू, तुमचे गुडघे.”

“गुडघ्यांनी नाही केली चूक.”

शनिवारी सकाळी एसटीनं निघाले. नाशकातून बाहेर पडताना द्वारकेच्या चौकातच अर्धा तास गेला. निफाडच्या वाचनालयातले आजोबा पेपर वाचत होते. अहवालाचं नाव सांगितलं तर म्हणाले, “ते लय जुनं हे, बाई. त्या लोखंडी कपाटात असंल. पन कपाट उघडत नाय.”

“चावी?”

“चावी हे. कपाट उघडत नाय.”

मी शेजारच्या शिलाई मशीनवाल्याकडून तेलाची कुपी मागून आणली. कुलपात तेल सोडलं, आजोबांनी दार ओढलं, मी आजोबांना ओढलं, आणि उघडलं एकदाचं. दुसऱ्या खणात, जुन्या पंचांगांच्या खाली अहवाल. अख्खा चाळीस पानांचा. गप्पिष्टानं पान लिहिलं होतं एकशे बारा.

वैशालीनं घेतलेलं वाक्य एकतिसाव्या पानावर होतं. एका बाईचं बोलणं, जसंच्या तसं. औषधानं हातांची रेघ जाते, मग रेशनवाला वहीवर अंगठा उमटत नाही म्हणतो, असं काहीसं. मी टाइप केलं होतं तेव्हा नुसता मजकूर होता. तिथे उभी राहून वाचलं तेव्हा कळलं की पोरगी सहा वर्षं कशासाठी धडपडतेय.

सरांना फोन लावला. “सर, सापडला. पान एकतीस.”

“परत वाचा.”

“पान एकतीस. वरून तिसरी ओळ.”

“वर्ष?”

वर्ष सांगितलं. त्यांनी ते मला परत वाचून दाखवलं. मग म्हणाले, “ठीक. सिग्नल देतो,” आणि फोन ठेवला.

राहिलेली नववी नोंद कुठेच सापडली नाही. शिपायाकडे नाही, सोयऱ्याकडे नाही, सरांच्या जुन्या लायब्ररीतही नाही. त्या नोंदीवर वैशालीचा एक आख्खा परिच्छेद उभा होता, आणि तो तिला फार आवडायचा. मलाही. रविवारी ती कॉम्प्युटरसमोर बसली, परिच्छेद दोनदा वाचला, आणि खोडला. सर म्हणाले, “उमेदवार, आता तू आमच्या खात्यातली झालीस.” प्रबंध सोमवारी सव्वातीनला जमा झाला. बाइंडिंग निळ्या रंगाचं.

तोंडी परीक्षेत बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी नेमका निफाडचाच अहवाल काढला. हा आम्हाला कुठे दिसत नाही, म्हणाले. वैशालीनं सांगितलं, “लोखंडी कपाट, दुसरा खण, पंचांगांच्या खाली. कुलपात तेल घालावं लागतं.” हॉल हसला, आणि परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

गेल्या वर्षी सर मनमाडला बहिणीकडे राहायला गेले. दोघंही एकटी, एका घरात बरं. निघायच्या दिवशी लाकडी खोका माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “हे तुमच्याकडे असू द्या. पोरं विचारायला येतील, कुठला एआय घेऊ म्हणून.” येतात हो, खरंच. आता उमेदवार नवे आहेत, जुन्यांचेही स्वभाव बदललेत, मी त्यांच्या मुलाखती घेते. शर्टाच्या जागी इस्त्रीची साडी.

खोका मी दोन दिवसांनी उघडला. गप्पिष्ट, शिपाई, कारकून, सोयरा, आणि त्यांच्या मागे पाचवं कार्ड. पुढच्या बाजूला संदर्भ विभागातल्या कुठल्यातरी कोशाची नोंद होती, आणि तिच्यावर जुना शिक्का, ‘बाहेर देऊ नये’. मागे सरांचं अक्षर. नाव, टायपिस्टबाई. काम, प्रबंध नीट करणे. बढाई, अल्प. कुठं चुकते, मायेपोटी. चूक दाखवल्यावर, “स्वतः निफाडला जाऊन पाहून आली.”

डोळे भरून आलेच. पण खाली नजर गेली आणि हसू फुटलं. तारीख, आणि तीच ओळ, “सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे.”

तपासतात हो. दर सहा महिन्यांनी मनमाडहून गाडीनं येतात, अकराला स्टुलावर. मागच्या खेपेला टेबलावर कुणाचा तरी भूगोलाचा प्रबंध होता. उचलला, मागून उघडला, बोट फिरवत फिरवत एकोणिसाव्या नोंदीवर थांबले.

“बाई, हे कुठं पाहिलं?”

“लायब्ररीत सर, काल. खिडकीकडचं कपाट, खालचा खण. पान चौऱ्याऐंशी.”

“परत वाचा.”

मी परत वाचलं. मग चहा सांगितला, अर्धा.